‘आणि मंडळी’तला एक आवाज

आमच्या दुकानात "सुई बिघडली" म्हणून गिऱ्हाईक कधी आलं नाही. "गाणारीचा घसा बसलाय," म्हणून यायचं. कुणाच्या गवयाला पडसं झालेलं असे, कुणाचा सनईवाला रडत असे आणि एका मामलेदारांची तर आख्खी नाटकमंडळी विहिरीत पडली होती. वीसबावीस वर्षं मी या आजारी कलावंतांवर उपचार केले. रोग सगळ्यांना एकच, सुईचा. पण तसं तोंडावर सांगायची सोय नव्हती. एवढ्याशा वस्तूनं एवढं मोठं गाणं बिघडतं हे कुणाला पटतच नसे.

दुकान साताऱ्यात, मोती चौकापासून हाकेच्या अंतरावर. पाटीवर नाव आमच्या ह्यांचं. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर हे बघत. रेकॉर्ड प्लेअरच्या दांड्याच्या टोकाला नखाएवढी डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात, ती माझ्याकडे. त्यामागं काही थोर कारण नव्हतं. ह्यांची बोटं जाड आणि डोळे चाळिशीला आलेले. केसासारख्या बारीक तारांना सोल्डर करायचं तर भरतकाम केलेला हात बरा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि राहिलं. गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "मालक कुठं गेल्यात?" मी म्हणायची, "बसा, येतीलच." हे येईपर्यंत डबी बसवून झालेली असायची. मग गिऱ्हाईक ह्यांचे आभार मानून जायचं.

धंद्याबाहेरच्या माणसाला सांगायचं तर प्रकार सोपा आहे. तबकडीवर गोल गोल चरी असतात आणि त्या चरीच्या भिंती वेड्यावाकड्या कोरलेल्या असतात. सुई त्यातून चालली की थरथरते. ती थरथर डबीतल्या खड्याला लागते, खडा इवलीशी वीज काढतो आणि अॅम्प्लिफायर त्या विजेचं गाणं करतो. स्वस्तातल्या डबीत हा खडा चक्क मिठाच्या जातीचा असे. भाजीत घालायचं मीठ नव्हे, पण स्वभाव तोच. आषाढ-श्रावणात त्याला पाझर फुटायचा. कोयनानगरच्या धरण-कॉलनीतले एक साहेब दर पावसाळ्यात नवी डबी न्यायचे. मी त्यांना म्हटलं, जूनपासून दसऱ्यापर्यंत डबी तांदळाच्या डब्यात ठेवत जा. साहेब इंजिनिअर. त्यांनी यामागचं तत्त्व विचारलं. मी म्हटलं, तुमच्या घरी काड्यापेटी ज्या तत्त्वावर ठेवतात तेच. पुढच्या वर्षी ते पुन्हा हजर. तांदळाबरोबर डबीही धुतली गेली होती.

फलटणकडच्या एका बागायतदारांकडे निराळीच तऱ्हा. त्यांनी मुंबईहून भारीतली परदेशी डबी आणवली, मी बसवून दिली आणि आठवड्यानं खंडेनवमी आली. त्यांच्या आईनं ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, बंदुकीला लावलं आणि नव्या मशिनचा मान राहायला नको म्हणून सुईलाही लावलं. कुंकू चिकटावं म्हणून वर पाण्याचं बोट. स्पिरिटनं ती सुई पुसताना माझी दुपार गेली. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी नेलेल्या प्रत्येक मशिनवर मी चिठ्ठी लावायची, की पूजा लाकडी पेटीची करावी.

पण सगळ्यांत पसरलेली साथ म्हणजे भोकाचा पैसा. सुई उड्या मारायला लागली की लोक डबीच्या डोक्यावर पैसा ठेवत. नवे पैसे आल्यावर हा मधोमध भोक असलेला तांब्याचा पैसा बाजारात कुणी घेईना. त्यामुळं घरोघरी एखादा रिकामा पडलेला असे आणि डबीवर बसायचाही झोकात. त्या वजनानं सुई उडायची थांबते, हे खरं. पण ती मुंगीसारखी चालायची ती नांगरासारखी चालायला लागते. चर खरवडते, खडा तडकतो, सुईचे पाय फाकतात. मी सांगून सांगून थकले. लोक हो म्हणत आणि घरी जाऊन पैसा ठेवत.

या सगळ्यात एक सुई माझ्या मनात रुतून बसली आहे. तिची गोष्ट सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला, बाकीचं आपलं ओघात आलं.

उंब्रजच्या पुढं दीडेक कोसावर एक गाव आहे. तिथले भंडारे गुरुजी एका रविवारी दुकानात आले. मांडीवर पोराच्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनीही आधी मालकांची चौकशी केली, पण माझ्यासमोर भिंग आणि चिमटा बघून म्हणाले, "म्हणजे काम तुम्हीच करता, वहिनी?" माझ्या सगळ्या कारकिर्दीत हे आपणहून ओळखणारे दोनच जण, त्यातले हे एक.

दुपट्यातून एक तबकडी निघाली. जुन्या लाखेची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी, एका बाजूला तीन मिनिटं वाजणारी. लेबलाचा रंग उडालेला. त्यावर एका जलसेकार शाहिराचं नाव आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि मंडळी’. गुरुजींनी त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"ह्यात आमचे आबा आहेत."

आबा म्हणजे गुरुजींचे वडील. तरुणपणी ते एका जागृतीच्या जलशात होते. पोरांना शाळेत घाला, मेलेली ढोरं ओढणं सोडा, माणसासारखं जगा, असं गात गावोगाव हिंडायचे. शाहीर पुढं उभा राहून सवाल टाकायचा आणि मागं चौघंजण झील धरून जबाब द्यायचे. त्या चौघांतले आबा एक. एकदा रेकॉर्ड कंपनीनं सगळ्यांना मुंबईला बोलावलं आणि ही तबकडी निघाली. पुढं जलसा मोडला, घरादारानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आबा म्हातारे झाले. पण चारचौघांत बसले की एक वाक्य ठरलेलं, माझा आवाज हाय रेकॉर्डीत.

अडचण एवढीच की तो आवाज कुणाला ऐकू येत नसे. शाहीर तेवढा कळायचा. मंडळींची पाळी आली की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी सरसर. मग लोक हसत. किसन तात्या म्हणून आबांचे गावातले जुने सोबती होते, ते सगळ्यांत पुढं. "आबा, तुझा आवाज हाय खरा, पर त्यो पडद्यातला हाय," असं म्हणत. लहानपणी गुरुजींनी यावरून शाळेत मारामारीही केली होती.

"आता सत्तरी उलटली," गुरुजी म्हणाले. "दम लागतो. वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडं सगळे जमतात. आबा आहेत तोवर एकदा सगळ्यांना त्यांचा आवाज ऐकवायचाय. एका मिलिटरीवाल्याकडून हा पायाशी ठेवलाय तो प्लेअर घेतला, पण आवाज तसाच. डबी बदलून फरक पडंल का?"

"आबांचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"म्हणतात, कशाला खर्चात पडतोस. जाऊ दे."

म्हातारी माणसं भिडस्त असतात, असं मी समजले.

डबी निवडणं म्हणजे स्थळ बघण्यातला प्रकार. भारीतली तीच चांगली असं नसतं, घराला मानवली पाहिजे. मिठाच्या खड्याची स्वस्त पण बोंबलणारी. त्याच्या वरची चिनीमातीच्या जातीची. आवाज जरा सभ्य आणि पावसाला भीक न घालणारी. त्याच्याही वरची चुंबकाची, परदेशी, वजनाला हलकी आणि कानाला गोड, पण तिचा आवाज इतका बारीक की अॅम्प्लिफायरच्या आधी आणखी एक पेटी जोडावी लागते. शिवाय ती मिळायला नशीब लागतं. मी गुरुजींना मधली दिली. तिच्या सुईला दोन टोकं असत, एक नव्या लाँगप्लेसाठी बारीक आणि एक जुन्या तबकड्यांसाठी जाड. जाड टोक लावून दुकानातच वाजवून दाखवलं. शाहीर असा खणखणीत आला की रस्त्यावरची दोन माणसं आत डोकावली. मंडळी मात्र वाळूतच होती. तरी वाळू जरा बारीक झाल्यासारखी वाटली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. "आत कुणीतरी आहे," एवढंच ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी ते परत आले. सुईचे पाय फाकलेले. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांच्या बायको, कमळबाई होत्या. मी अनुभवी बाई. सुई बघितली आणि फलटणची आठवण होऊन कमळबाईंना विचारलं, "दसऱ्याला ह्याला हळदकुंकू लावलं होतं का हो?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात आता न्हाई करत ते. आमच्या दसऱ्याला आमी पंचशील म्हनतो."

माझं तोंड एवढंसं झालं. समोर बसलेलं माणूस कोण आहे हे बघायच्या आधी मी सुई बघितली होती. या कामात ती खोड लागते आणि तिची लाज मला आजही वाटते. कमळबाईंनी मात्र पुढं ते मनात ठेवलं नाही.

मी नवी सुई घालून दिली. महिन्यानं तीही फाकून आली. आता मी डबीच भिंगाखाली धरली. डोक्यावर धूळ होती आणि धुळीत एक गोल उमटला होता. मधोमध आणखी एक बारका गोल.

"गुरुजी, घरात भोकाचा पैसा कोण ठेवतं ह्याच्यावर?"

"कुणीच नाही. मी पोरांना हातही लावू देत नाही. आबांना विचारलं, तर म्हणाले, मला काय ठावं."

मी त्यांना पैशाचं पुराण ऐकवलं. मग तबकडीची चौकशी केली. इतकी वर्षं ही वाजवली कशावर? गुरुजी म्हणाले, चावीच्या फोनोवर. पोलादी पिना एकेक वेळ वाजवून फेकायच्या असतात, पण ते त्या दगडावर घासून पुन्हा वापरत. लढाईच्या काळात पिना मिळेनात, तेव्हा आबा बाभळीचा काटा तासून लावत. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात हे आत आले होते, त्यांनी सगळं ऐकलं. गुरुजी तबकडी आणि डबी माझ्याकडे ठेवून गेल्यावर हे म्हणाले, "सोड नाद. त्या तबकडीत आता काही शिल्लक नाही."

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी कदाचित ऐकलं असतं.

सांगलीला एक लग्न होतं. अक्षता पडल्या आणि मी तबकडी काखोटीला मारून गणपती पेठेत गेले. तिथं एका बोळात आप्पा म्हणून एक गृहस्थ जुन्या तबकड्या आणि मोडके फोनो विकायचे. घरात कानडी बोलायचे आणि दुकानात मराठी, पण शेवटी ‘री’ यायचंच. सोनाराचं भिंग डोळ्याला लावून त्यांनी तबकडी उजेडात तिरकी केली.

"वैनी, गाडीवाट बघितलीय की नाही री?" मग ते म्हणाले. "रोज गाड्या जाऊन चाकोरी खाली खोल होती, उखडती. पर वरचा काठ तसाच ऱ्हातो. ह्या तबकडीचं तसं हाय. पोलादी पिनांनी तळ खाल्लाय. तुमी घालताय ती सुई तळातच जाऊन बसती. मग खडखड ऐकू येनार न्हाई तर काय?"

"मग काय करायचं?"

"रुंद चाकाची गाडी घालायची री. काठावरनं जाती ती. काठ कुनी राखलाय म्हाईत हाय का? मधी कुनीतरी काट्यानं वाजवलीया. काटा मऊ, कुठंच खरवडत न्हाई. तेवढी वर्सं ही तबकडी बसून खाल्ल्यावानी टिकलीया."

ज्या काट्यासाठी मी कपाळ बडवलं होतं, त्यानंच गाणं जपलं होतं. आम्हा जाणकारांची ही अशी गत असते. आप्पांनी एका खणातून परदेशी चुंबकी डबी काढली आणि तिच्यासाठी नेहमीच्या जाड टोकाहून किंचित रुंद टोकाची एक सुई. कुठल्याशा जुन्या यंत्रासाठी ती आली होती आणि गिऱ्हाईक नाही म्हणून पडून होती. डबी काम झाल्यावर परत द्यायची आणि सुई ठेवून घ्यायची, असं ठरलं.

जादाची पेटी ह्यांनी तयार केली. तोंडानं कुरकुर चालू, हातानं सोल्डर चालू. एका दुपारी दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून हे जेवायला गेले आणि मी एकटीनं तबकडी लावली.

शाहीर आला, आता अगदी समोर उभा राहून गात असल्यासारखा. त्यानं सवाल टाकला, ‘झोपल्या गावाला कोण उठविल?’ आणि मागून जबाब आला, ‘आमी उठवू, जी रं जी’. वाळू नव्हती. चार गळे वेगवेगळे मोजता येत होते. एक घोगरा, दोन एकमेकांना टेकलेले आणि एक उंच, कोवळा, स्वच्छ. पौर्णिमेला चारच दिवस होते. गुरुजींचं तोंड कसं होईल ते मला दिसायला लागलं.

मग मी पुन्हा लावली आणि या वेळी कान देऊन ऐकली. तो उंच आवाज चुकत होता. शेवटच्या सवालाला शाहिराचा ‘उठविल’ अजून तोंडात आहे तोच त्याचा ‘आमी’ सुरू झालेला. एकटाच. मग जीभ चावल्यासारखा थबकतो आणि बाकीचे तिघं येऊन त्याला पोटात घेतात. एकदा ऐकल्यावर ते ऐकू न येणं शक्यच नव्हतं. वाळूनं इतकी वर्षं हेच झाकलं होतं.

हा आवाज आबांचा कशावरून? घोगरा आबांचा असेल, असं मी स्वतःला समजावलं. ह्यांना काही सांगितलं नाही. पौर्णिमेला दुपारच्या एस्टीनं उंब्रजला उतरले. बरोबर तबकडी, चुंबकी डबी, पेटी आणि हत्यारांच्या डब्यात जुनी मधली डबीही होती. जादाची एखादी जवळ ठेवायची ही आमच्या धंद्याची शिस्त.

गुरुजींनी अंगणात मांडव घातला होता. कोयनेची वीज येऊन वर्ष-दीड वर्षच झालेलं, दारावर एक दिवा दिवसाही लावून ठेवला होता. मला बसवून गुरुजी सतरंज्या आणायला शाळेत गेले. ओट्यावर आबा होते. बारीक अंगाचे, पांढरी बंडी, डोळे अजून चपळ. कमळबाई पाणी ठेवून आत गेल्या, तसे ते सरकून जवळ आले.

"बाई, एक इचारतो. ह्या नव्या डबीनं समदं ऐकू येतं व्हय? मागचं बी?"

"येतं, आबा. चौघंही."

त्यांनी बंडीच्या खिशातून भोकाचा पैसा काढून ओट्यावर ठेवला.

"ह्यो मीच ठिवत हुतो. लेकाला ठावं न्हाई. पैसा ठिवला की चार दिसांत सुई आंधळी हुती."

"पण का, आबा? आवाज ऐकू यावा म्हणून तर गुरुजी इतकं..."

"आवाज हाय त्यात, खोटं न्हाई बोललो कवा," ते म्हणाले. "पर चुकलेला हाय. मुंबई पयल्यांदाच बघितल्याली, मशिनचं भ्या, आन गानं अंगात आल्यालं. शाहिराचं तोंड मिटायच्या आदी मी सुरू. कंपनीचा मानूस म्हनला, गानं मेणाच्या थाळीवर कोरत्यात, तसलं दुसरं मेण न्हाई, हाय तसंच ऱ्हाऊ द्या. परत येताना गाडीत कुनी माझ्यासंगं बोललं न्हाई. फुडल्या रेकॉर्डीला मला वगळलं." त्यांनी ओट्यावरचा पैसा बोटानं फिरवला. "गावाला म्हाईत हाय, माझा आवाज हाय. कसा हाय ते कुनाला म्हाईत न्हाई. इतकी वर्सं झाकलं. आता लेकच उगडाय निघालाय, आन त्येला ‘नगं’ कसं म्हनू? तुमच्याकडं ती आदीची डबी आसंल. तीच बशीवता का?"

ती माझ्या डब्यात होती. दोन स्क्रू आणि चार तारांचं काम.

इथं मी लिहायला पाहिजे, की म्हाताऱ्याचं मन राखलं, किंवा निवड त्यांच्यावर सोपवली. यातलं मी काहीच केलं नाही. आठ-नऊ महिने मी त्या सुईच्या मागं होते. सांगलीला लग्नाची पंगत सोडून गेले होते. ‘काही शिल्लक नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याला खोटं पाडलं होतं. असा आवाज डब्यात बंद करून वाळू लावायची? मी म्हटलं, "आबा, आवाज फार चांगला आहे तुमचा." हे उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं. तेवढ्यात सतरंज्या घेऊन गुरुजी आले. आबांनी पैसा उचलून मुठीत घेतला आणि मी खाली मान घालून चांगली डबी बसवली. आजही मला त्याचं वाईट वाटतं. पुढं जे झालं ते चांगलंच झालं, पण ते माझ्यामुळं नव्हे.

वंदना झाली. खीर वाटली. पन्नासेक माणसं, बायका, पोरं. किसन तात्या पुढंच मांडी घालून बसले होते. "लावा, बघू आबाला पडद्याभाईर काडतीया का ही डबी," ते म्हणाले. लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मशिनजवळून मला खूण केली आणि सुई मी ठेवली.

शाहीर उभा राहिला. पहिल्या सवालाला मंडळी अशी स्वच्छ आली की पोरं मशिनच्या मागं जाऊन बघायला लागली. आबा भिंतीला टेकून खाली बघत बसलेले. त्यांचे ओठ हलत होते. गाताहेत हे त्यांना स्वतःला कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. गुरुजी एकेक आवाज कानानं चाचपत होते, ह्यातले आपले कुठले म्हणून. ते ओळखायचं कशावरून? चांगलं म्हटलेलं सगळ्यांचं सारखंच असतं.

शेवटचा सवाल आला. ‘झोपल्या गावाला कोण उठ...’ आणि तबकडीतून तो उंच आवाज सुटला, "आमी". त्याच क्षणाला भिंतीशी बसलेल्या आबांच्या तोंडातूनही सुटला, "आमी". एक कोवळा, एक फाटका. दोन्ही अगदी एकाच जागी, दोन्ही सारखेच आधी. आणि दोघंही जीभ चावून थबकले.

सुई शेवटच्या चरीत जाऊन नुसती फिरत राहिली. ती उचलायची मला शुद्ध नव्हती. गुरुजी मशिनकडे बघतच नव्हते, ते आबांकडे बघत होते आणि रडत होते. आबांनी डोळे गच्च मिटून घेतले होते.

"आबा," किसन तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज निराळाच लागला. "तूच हायस गड्या. एवडी घाई दुसऱ्या कुनाची न्हाई."

"चुकलो तवा," आबा म्हणाले. "समद्यांच्या आदी सुरू झालो."

दाराशी उभ्या असलेल्या कमळबाई पुढं आल्या. त्या म्हणाल्या, "आवं मामा, गावाला कोन उठविल म्हनल्यावर वाट कशापाई बघायची?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच. आबाही. हसता हसता त्यांना खोकला आला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मूठ उघडली आणि भोकाचा पैसा माझ्या हातावर ठेवला. "ठिवा तुमच्याकडं. आता न्हाई लागायचा." तो माझ्या खणात अजून आहे. आप्पांची डबी मी गुरुजींच्या मशिनवरच राहू दिली, आप्पांना तिची किंमत पाठवली. ह्यांना वाटतं, गुरुजींनी ती विकत घेतली.

"पुन्यांदा लावा," किसन तात्या म्हणाले. लाखेच्या तबकडीला लगेच पुन्हा सुई लावू नये, चरीला जरा दम खाऊ द्यावा, असं मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आले. त्या दिवशी सांगितलं नाही. दिवेलागण होईस्तोवर ती तबकडी वाजत होती. शाहीर सवाल टाकायचा, सगळं अंगण श्वास धरायचं, आणि दर वेळी त्याच जागी आबा आधी यायचे. एकदाही चुकले नाहीत.